आजाऱ्याची गाडी पुढे

1858 च्या ऑगस्टमध्ये तुलूझच्या फिलोल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा अहवाल लूर्दच्या नगरपालिकेत पोचला. महापौर लाकादे त्याची वाट पाहत होते. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव तेव्हा जेमतेम चार हजार वस्तीचं होतं. जवळच्या कोतरे आणि बान्येर या गावांना औषधी पाण्याचे झरे होते. तिथे दूरदूरची पैसेवाली मंडळी स्नानाला येत, महिनाभर राहत, पैसा सोडून जात. लूर्दला तसं काही नव्हतं. मग फेब्रुवारीत गावाबाहेरच्या मासाब्येलच्या गुहेत एका मुलीने हाताने चिखल उकरला आणि पाणी लागलं. एका औषधविक्रेत्याने ते तपासून त्यात गुण असल्याचं सांगितलं आणि गावच्या कारभाऱ्यांना आशा लागली. फिलोल यांनी ती एका कागदावर संपवली. हे पिण्याजोगं साधं पाणी आहे, रोग बरा करील असं त्यात काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र झालेल्या लूर्दच्या इतिहासातला हा कागद मला फार मोलाचा वाटतो. तो कुणी दडवला नाही. पाण्यात औषध नाही हे लूर्दचं तीर्थक्षेत्र स्वतःच सांगतं. तिथे नळांवर ते पाणी फुकट मिळतं, हवं तेवढं भरून न्या.

मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे कितीतरी चर्चच्या आवारात लूर्दच्या गुहेची प्रतिकृती असते. ओबडधोबड दगड रचून केलेली कपार, त्यात निळा कमरपट्टा बांधलेली मारियामाता, खाली गुडघे टेकलेली बर्नादेत, म्हणजे तो चिखल उकरणारी मुलगी. मालाडच्या ऑर्लेमचं चर्च तर लूर्द मातेच्याच नावाचं आहे. माझ्या आजीच्या कपाटात मारियामातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली होती, मुकुटाच्या जागी निळं झाकण असलेली. घरात कुणाला ताप आला की ती त्यातल्या पाण्याने कपाळावर क्रूस काढायची आणि मग डॉक्टरकडे पाठवायची. हा क्रम तिच्याकडून कधी चुकला नाही. आता आजूबाजूला तो चुकताना दिसतो, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लूर्द मोठं झालं ते तिथे चमत्कार झाले म्हणून, असं आपण मानतो. मला वाटतं ते मोठं झालं कारण तिथे आजारी माणसाला रांगेत पहिलं स्थान मिळालं. चमत्काराबद्दलचा तिथला सावधपणाही त्याच भूमिकेतून येतो. ही भूमिका आज लूर्दमध्येच कसोटीला लागली आहे, आणि आमच्याकडे ती पोचलेलीच नाही. आम्ही गुहा आणली, पुतळा आणला, तो सावधपणा मात्र मागे राहिला.

सुरुवात कुणापासून झाली ते आधी पाहू. बर्नादेत सुबिरू तेव्हा 14 वर्षांची होती. बाप फ्रांस्वा पाणचक्कीवर दळण दळायचा. चक्की बुडाली आणि कुटुंब रस्त्यावर आलं. गावातल्या जुन्या तुरुंगाची एक खोली, जी कैद्यांनाही नको म्हणून रिकामी केलेली होती, तिथे आई-बाप आणि चार मुलं राहत. आदल्याच वर्षी बापावर पीठ चोरल्याचा आळ आला होता आणि काही दिवस त्याला कोठडीत काढावे लागले होते. मुलीला दमा होता. फ्रेंच धड येत नव्हतं, घरात आणि गावात बोलत ती गॅस्कन बोली. 11 फेब्रुवारी 1858 ला ती बहीण आणि मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला नदीकाठी गेली. गुहेत जे दिसलं त्याला ती बरेच दिवस नावच देत नव्हती. ती म्हणायची ‘आकेरो’, म्हणजे ‘ते’. 16 जुलैपर्यंत तिला अठरा वेळा दर्शन झालं, ते मारियामातेचं अशी आमची श्रद्धा. पोलीस अधिकारी जाकोमे यांनी तिला दरडावलं, धर्मगुरू पेरामाल यांनी आधी हाकलून दिलं, सरकारने जूनमध्ये गुहेला कुंपण घातलं. ते ऑक्टोबरमध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने निघालं.

या सगळ्या धामधुमीत तिने आपलं सांगणं वाढवलं नाही, हे मला विलक्षण वाटतं. लोक पैसे देऊ करत, ती परत करायची, घरच्यांनाही घेऊ द्यायची नाही. ‘सांगायचं काम माझ्यावर सोपवलंय, पटवायचं नाही,’ असं ती म्हणाल्याचं सांगतात. त्याच वर्षी तिच्या छातीच्या दुखण्यासाठी तिला उपचाराला धाडलं ते कोतरेच्या औषधी झऱ्यांवर. ज्या मुलीच्या हाताखाली लूर्दचा झरा लागला, तिला घरच्यांनी उपचाराला दुसऱ्या गावी नेलं आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. 1866 मध्ये लूर्दला रेल्वे पोचली, त्याच वर्षी ती गाव सोडून नव्हेरच्या मठात गेली आणि पुन्हा कधी परतली नाही. 1879 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी ती गेली. चर्चने 1933 मध्ये तिला संतपद दिलं. त्या झऱ्याने ती बरी झाली नव्हती.

लूर्दची सुरुवातीची वर्षं सगळीच पवित्र होती असंही नाही. 1870 ला फ्रान्स प्रशियाकडून हरला, पाठोपाठ पॅरिसमध्ये कम्यूनचा, म्हणजे तिथल्या क्रांतिकारी उठावाचा, रक्तपात झाला. देशाने पाप केलं, आता राजा परत आणा आणि प्रायश्चित्त घ्या, असं मानणाऱ्या मंडळींनी लूर्दच्या मोठ्या यात्रा उभ्या केल्या. 1873 पासून राष्ट्रीय यात्रा काढणारा असम्पशनिस्ट हा धर्मगुरूंचा संघ ‘ला क्रुआ’ हे वृत्तपत्रही चालवत होता, आणि द्रेफ्युस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला त्या प्रकरणात त्या पत्राने ज्यूंविरुद्ध जे विष ओकलं ते फ्रान्सच्या कॅथलिकांना आजही लाज आणणारं आहे. म्हणजे लूर्द हे राजकीय अड्डा होण्याच्या पुरेपूर वाटेवर होतं.

त्याला त्या वाटेवरून ओढून काढलं ते आजाऱ्यांनी. त्याच यात्रांमधून मरणाच्या दारातले गरीब रुग्ण नेणाऱ्या गाड्या निघू लागल्या, त्यांचं भाडं श्रीमंत यात्रेकरू भरत. गाडीतल्या डब्यात सरदार घराण्यातली बाई गिरणीतल्या क्षयी मुलीचं तस्त धूत बसलेली, असं दृश्य त्या काळच्या फ्रान्समध्ये दुसरीकडे कुठे दिसलं नसतं. 1885 मध्ये सेवेकऱ्यांची संघटना उभी राहिली. ती आजही आहे. हे सेवेकरी स्वतःच्या खर्चाने येतात, स्वतःच्या पैशाने राहतात, सुट्टी घालवून स्ट्रेचर उचलतात, जेवण भरवतात. निळ्या छपराच्या तीनचाकी गाड्यांत बसलेले रुग्ण संध्याकाळच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे असतात. कार्डिनल, म्हणजे पोपखालोखाल मानाचा धर्माधिकारी, आला तरी तो त्यांच्यामागे. रुग्णांचं निवासस्थान नदीपलीकडे गुहेसमोर आहे. उत्तम जागा कुणाला द्यायची हा प्रश्न तिथे सुटलेला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला झटकून टाकता येत नाही. रुग्णांना असं पुढे बसवणं हे त्यांचं प्रदर्शन नाही का? व्हीलचेअर वापरणारा माणूस स्वतःच्या पायावर, म्हणजे स्वतःच्या चाकांवर, हिंडू शकत असताना त्याला निळ्या गाडीत बसवून कुणीतरी ओढायचं, यात त्याची दया येण्यापलीकडे काय आहे? अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांना हे खुपणारच. मला वाटतं, उत्तर त्या गाडीत शोधू नये, ते गावाच्या बांधणीत शोधावं. 1958 साली, दर्शनांच्या शताब्दीला, तिथे जमिनीखाली एक प्रचंड प्रार्थनामंदिर बांधलं. त्यात सुमारे 25 हजार माणसं मावतात आणि आत जायला पायऱ्या नाहीत, उतार आहेत. रुग्ण आणि धडधाकट एकाच दाराने आत जातात. आमच्याकडे आजही नवं चर्च बांधतात, नवं देऊळ बांधतात, आणि पहिल्या पायरीपाशीच गुडघे दुखणारी म्हातारी बाहेर राहते. 1958 आणि आज यांच्यातलं अंतर मोजून पाहावं.

आता चमत्कारांकडे. 1883 मध्ये लूर्दला वैद्यकीय कार्यालय सुरू झालं. आपण बरे झालो असं ज्याला वाटतं त्याने तिथे यायचं, आपले कागद दाखवायचे. तपासायला कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा डॉक्टर बसू शकतो. निकष ठरलेले आहेत, अठराव्या शतकात कार्डिनल लांबेर्तिनी यांनी घालून दिलेले. आजार गंभीर असला पाहिजे, निदान पक्कं असलं पाहिजे, गुण औषधाने आलेला नसला पाहिजे, तो अचानक आणि पूर्ण आला पाहिजे, आणि वर्षं लोटली तरी टिकला पाहिजे. मग प्रकरण आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीकडे जातं. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द वापरत नाहीत. आजच्या ज्ञानाने याचं स्पष्टीकरण देता येत नाही, एवढंच ते म्हणतात. पुढचा निर्णय त्या माणसाच्या आपल्या बिशपांचा.

आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याची नोंद केली. त्यांतली मान्य झालेली प्रकरणं 72. सिस्टर बर्नादेत मोरियो 2008 मध्ये बऱ्या झाल्या, मान्यता मिळाली 2018 मध्ये. लिव्हरपूलचा सैनिक जॉन ट्रेनर 1923 मध्ये बरा झाला, त्याचं प्रकरण मान्य व्हायला 2024 उजाडलं. शंभर वर्षं! तोवर तो माणूस जाऊन कित्येक दशकं झाली होती.

या संथपणाचं सर्वांत बोलकं उदाहरण 1902 चं आहे. आलेक्सी कारेल हा तरुण, अश्रद्ध डॉक्टर रुग्णांच्या गाडीबरोबर लूर्दला गेला. मारी बायी नावाची तरुणी पोटाच्या क्षयाने मरायला टेकली होती. कारेलच्या डोळ्यांदेखत, गुहेजवळ, तिचं फुगलेलं पोट उतरलं आणि ती उठून बसली. पुढे 1912 मध्ये याच कारेलला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुठल्याही धर्मसंस्थेला याहून चांगला साक्षीदार काय मिळणार? तरीही मारी बायीचं नाव त्या 72 जणांत नाही. तिच्या आजाराला मानसिक कारण असण्याची शक्यता पुरेशी तपासली गेली नव्हती, असं 1964 मध्ये समितीने ठरवलं आणि प्रकरण बंद केलं. साक्षीदार नोबेल विजेता आहे याला समितीने काडीचं वजन दिलं नाही. ते बरोबरच होतं, कारण हाच कारेल पुढे माणसांच्या वंशशुद्धीच्या भयंकर कल्पना मांडू लागला. मोठ्या नावाच्या शब्दावर पुरावा तोलायचा नसतो.

उलट्या बाजूनेही घसरण झालेली आहे. एमिल झोला 1892 मध्ये लूर्दला आले, क्षयाने जर्जर झालेली मारी लब्रांशू बरी झाल्याचं त्यांनी पाहिलं. 1894 च्या आपल्या कादंबरीत मात्र त्यांनी तिच्यावरून रंगवलेलं पात्र परतीच्या गाडीत पुन्हा आजारी पाडलं. खरी मारी 1920 पर्यंत जगली. कादंबरीकाराला स्वातंत्र्य असतं हे मान्य. पण विवेकाच्या नावाने उभं राहायचं तर गैरसोयीची वस्तुस्थितीही तशीच मांडावी लागते, ही अपेक्षा मी झोलांकडूनही ठेवतो.

आता वसईत या. गेल्या काही वर्षांत आरोग्यदानाच्या प्रार्थनासभा वाढल्या आहेत. मंडप पडतो, गिटार वाजतं, प्रवचनकार कुणाचं नाव न घेता सांगतो की इथे बसलेल्या एका बहिणीची गाठ आत्ता विरघळते आहे. मग एकेक जण व्यासपीठावर येऊन साक्ष देतो. साक्ष दिली की टाळ्या, आल्लेलुया. कागद कुणी मागत नाही. आमच्या वाडीतल्या एका बाईने अशाच एका सभेनंतर इन्सुलिन बंद केलं. ‘विश्वास ठेवलाय ना, मग सुई कशाला?’ असं तिला कुणीतरी म्हणालं होतं. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि गुडघ्याखालून पाय कापावा लागला. तिने दिलेली साक्ष त्या लोकांनी नंतरही सांगितली असेल. कापलेल्या पायाची साक्ष कुणी व्यासपीठावरून मागितली नाही.

मी प्रार्थनेच्या विरोधात नाही. त्या बाईच्या खाटेशी बसून मी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली आहे. माझा राग आहे तो तपासणी न करता दिलेल्या खात्रीवर. महाराष्ट्राने 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं त्यात गुन्हा ठरलं आहे. आमच्यातले काही जण या कायद्याकडे संशयाने पाहतात, हा श्रद्धेवर घाला आहे म्हणतात. त्यांना मी सांगतो, लूर्दचे निकष या कायद्याहून कितीतरी कडक आहेत, आणि ते चर्चने स्वतःवर, राजीखुशीने लादून घेतले आहेत. सात हजारांना ‘आम्ही याला चमत्कार म्हणणार नाही’ असं सांगण्याने लूर्दची श्रद्धा ढळली का? यात्रा आजही भरते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री नऊ वाजता हजारो लोक हातात मेणबत्ती घेऊन चालतात. त्यांतल्या बहुतेकांना आपण बरे होऊन परतणार नाही हे ठाऊक असतं.

बाजाराबद्दलही बोलायला हवं. लूर्दच्या आवाराबाहेर गुहेकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत, माळा, पुतळे, बाटल्या, मारियामातेचं चित्र असलेली काहीही वस्तू. हे पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा फारसा त्रास होत नाही. फाटकाच्या आत, मेणबत्त्या आणि पुस्तकं सोडली तर, दुकानदारी नाही, ही रेघ महत्त्वाची. आता 13-14 हजार वस्तीच्या या गावाचं पोट यात्रेवर आहे. 2012 आणि 2013 च्या पुरात गुहेपर्यंत पाणी आलं, मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे तीर्थक्षेत्र इतिहासात पहिल्यांदा बंद झालं, तेव्हा हॉटेलांत काम करणारी माणसं घरी बसली. त्या माणसांचं पोट चालावं अशी इच्छा ठेवण्यात काही अधार्मिक नाही.

लूर्दसमोरचा खरा पेच आज वेगळा आहे, आणि तो भिंतीवर आहे. रोजरीच्या महामंदिराच्या दर्शनी भागावर 2008 मध्ये मार्को रुपनिक या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू-कलावंताची मोझेक चित्रं बसवली गेली. पुढे अनेक स्त्रियांनी, त्यांत धर्मभगिनीही होत्या, त्याने आपलं लैंगिक आणि आध्यात्मिक शोषण केल्याचं सांगितलं. येशूसंघाने 2023 मध्ये त्याला काढून टाकलं. चित्रं राहिली. मग प्रश्न आला, रात्रीच्या मिरवणुकीत उजळून निघणाऱ्या त्या भिंतीसमोर शोषण भोगलेल्या बाईने प्रार्थना कशी करायची? बिशप झां-मार्क मिका यांनी लोकांचं म्हणणं ऐकलं आणि 2024 मध्ये सांगितलं की आपलं वैयक्तिक मत चित्रं काढावीत असं आहे, पण विरोध तीव्र आहे. पहिलं पाऊल म्हणून रात्री त्यांच्यावरचे दिवे बंद झाले. 2025 च्या मार्चमध्ये महामंदिराच्या दारांवरची चित्रं झाकली गेली.

कलाकृती आणि कलावंत वेगळे ठेवा, हा युक्तिवाद मला संग्रहालयापुरता पटतो. संग्रहालयात माणूस बघायला जातो आणि बघायचं नसेल तर पुढे सरकतो. लूर्दला माणूस दुखणं घेऊन जातो. कॅरव्हाजोने खून केला होता तरी त्याची चित्रं चर्चमध्ये आहेत, असंही म्हणतात. पण त्याच्या हातून दुखावलेलं कुणी आज त्या चित्राखाली गुडघे टेकायला येत नाही. रुपनिकने ज्यांना दुखावलं त्या हयात आहेत, चर्चच्या लेकी आहेत, आणि लूर्द त्यांच्यासाठीही आहे. जिथे दीडशे वर्षं आजाऱ्याची गाडी कार्डिनलच्या पुढे चालली, तिथे या बायकांनी भिंतीपुढे थांबून मागे वळायचं आणि भिंत मात्र जागेवर राहायची, हे बसत नाही. बिशपांनी सावकाश पावलं टाकली याचं कारण मला समजतं. तरी ती चित्रं तिथून काढायला हवीत, झाकून भागणार नाही.

दरवर्षी 11 फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, जागतिक आजारी दिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये तो जाहीर केला. आमच्याकडेही त्या दिवशी मिस्सा होते, आजाऱ्यांना पुढच्या बाकांवर बसवतात, तैलाभ्यंग देतात, चहा-बिस्किटं होतात. पुढच्या वर्षी त्याबरोबर तीन गोष्टी व्हाव्यात अशी मागणी मी आमच्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलकडे लेखी दिली आहे. चर्चच्या मुख्य दाराला, बाजूच्या दाराला नव्हे, उतार बांधावा. चर्चच्या आवारात कुणीही साक्ष द्यायची असेल तर आधी आपले रिपोर्ट धर्मग्रामातल्या दोन डॉक्टरांना दाखवावेत, आणि त्यांतला एक तरी बिगर-ख्रिस्ती असावा. आणि प्रार्थनासभेच्या प्रत्येक पत्रकावर, वेळ आणि ठिकाणाच्या खालीच, ठळक अक्षरांत एक ओळ छापावी: कुणीही आपलं औषध बंद करू नये.